आलेका कोण?

आमच्या घरी चांगला रेडिओ होता आणि शेजारी चांगला टेपरेकॉर्डर होता. पुढचं सगळं एवढ्यावरूनच घडलं. दोन्ही एकाच पेटीत असलेलं यंत्र बाजारात मिळत होतं, नाही असं नाही. पण चालू वस्तू बदलायची नाही असा बाबांचा बाणा होता, आणि आमचा रेडिओ काही केल्या बंद पडत नव्हता. त्यामुळे गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे आमचा रेडिओ बाल्कनीतल्या स्टुलावर ठेवायचा, शेजारचा टेपरेकॉर्डर त्याच्या तोंडाला तोंड लावून ठेवायचा आणि गाणं संपेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. गप्प बसणं आमच्या घराला कधीच जमलं नाही.

बाबांची बदली सांगलीहून चंदीगडला झाली तेव्हा मी कॉलेजात नुकती जायला लागले होते. पंजाबात तेव्हा गोळीबाराच्या बातम्या रोजच्याच झाल्या होत्या. नातेवाइकांनी आम्हाला निरोप असा दिला की जणू आम्ही आघाडीवर निघालो होतो. प्रत्यक्षात मिळालं ते पहिल्या मजल्यावरचं एक सरकारी क्वार्टर, समोर गुलमोहर, आणि शेजारच्या बाल्कनीत बाजेवर बसून मुळा किसणाऱ्या एक सरदारीणबाई. त्यांची मुलगी त्यांना बीजी म्हणायची, म्हणून आम्हीही बीजी म्हणू लागलो. बीजींचे यजमान मुलं लहान असतानाच गेले होते. पदरात एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि पहिल्या आठवड्यातच आमची अशी गट्टी जमली की दोन बाल्कन्यांमधल्या सिमेंटच्या जाळीतून आम्ही पुस्तकं, शेंगदाणे आणि एकदा तर गरम पराठासुद्धा पलीकडे सरकवला. तिचा मोठा भाऊ शेवटच्या वर्षाला होता. ती त्याला वीरजी म्हणायची. थोरल्या भावाला तिकडे असंच म्हणतात, हे आईला सहा महिने माहीत नव्हतं. तिला वाटायचं ते त्याचं नाव आहे, आणि ती अगदी मायेनं विचारायची, “आज वीरजीबाळ दिसला नाही तो?”

टेपरेकॉर्डर ह्या वीरजींचा, आणि वेडही मूळचं त्यांचंच. शॉर्टवेव्हवर एका परदेशी स्टेशनचा कार्यक्रम लागायचा, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. त्यात कुणालाही माहीत नसलेल्या बँडची गाणी लावायचे. छोट्या-छोट्या कंपन्यांनी काढलेली, कुणी आपल्या मागच्या खोलीत बसून रेकॉर्ड केलेली. निम्म्या गाण्यांत माणूस वाजवत नसायचाच, सगळं यंत्रावर. वीरजी म्हणायचे, ही पुढच्या काळातली गाणी आहेत. आई म्हणायची, ही पिठाची गिरणी आहे. “गिरणी चालू झाली बघ,” असं म्हणून ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

मला ती गाणी का आवडायची हे मी तेव्हा सांगू शकले नसते. आता सांगते. कॉलेजातल्या मुलींना आवडणारी सिनेमाची गाणी सगळी कुणावर तरी रुसलेली होती, आणि घरातली बाबांची नाट्यपदं दाराशी आलेल्या पाहुण्यासारखी जायचं नावच घेत नसत. ह्या गाण्यांना माझ्याकडून काही नको होतं. ती आपली खरखरीतून यायची, टुकटुक करायची आणि पुन्हा खरखरीत निघून जायची. बाहेरच्या जगाला आमच्या गावात काय चाललंय ह्याचा पत्ताच नाही, तिकडे कुणीतरी निवांत बसून नुसता एक ठेका धरून आहे, ह्याचाच मला केवढा आधार वाटायचा!

निवेदकाचे उच्चार आमच्या डोक्यावरून जायचे. गाण्याचं नाव, बँडचं नाव, काही म्हणजे काही कळायचं नाही. म्हणून नावं आमची आम्हीच ठेवली. नाक चोंदल्यासारखी गाणारी एक मुलगी होती, तिचं गाणं ‘जुकामवाली’. एकात नळ गळल्यासारखा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता, ते ‘टपटप’. एकात शब्दच नव्हते, नुसतेच सूर एकावर एक चढत जायचे आणि शेवटी एकदम थांबायचे. त्याला मैत्रिणीनं ‘जिना’ म्हटलं आणि तेच पक्कं झालं. डिसेंबर आला की त्या वर्षातली आमची सगळ्यात लाडकी गाणी निवडून एक कॅसेट करायची, असा वीरजींचा नेम. निवडीवरून भांडणं व्हायची. ‘टपटप’ मी काही केल्या वगळू देईना, मैत्रीण म्हणाली, हे गाणं आहे की प्लंबरची तक्रार? शेवटी तेच पहिलं घेतलं, कारण मी दोन दिवस जाळीतून बोललेच नाही.

आता ह्यात आईचं काय? आईचं असं की कार्यक्रमाची वेळ आणि बाबांची यायची वेळ एकच होती. बाबांचं काम धान्याची गोदामं तपासायचं. ती गोदामं पंजाबभर बाजाराच्या गावांतून पसरलेली. सकाळी स्कूटर सेक्टर सतराच्या स्टँडवर लावून ते बसनं जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. अंधारात कुणी बस चालवायलाच तयार नसायचं. रस्त्यात बस थांबवल्याच्या, माणसं उतरवल्याच्या बातम्या पेपरात यायच्या, आणि आई तो पेपर वाचून घडी घालून गादीखाली ठेवायची, जणू तिथं ठेवला की त्यातलं काही बाहेर येणार नाही. दिवसभर ती हसतीखेळती असायची. ऊन उतरलं की मात्र तिचा जीव टांगणीला. हातातलं काम सोडून ती दर थोड्या वेळानं बाल्कनीच्या दाराशी यायची आणि मला विचारायची, “आले का गं?”

एवढंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ‘हे’सुद्धा म्हणायचं नाही. आमच्या घरात त्या क्रियापदाला कर्ता एकच होता. मी रेडिओला कान लावून बसलेली असायचे, वीरजी ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायचे, “आंटीजी, रिकॉर्डिंग!”, आणि मी हळूच म्हणायचे, “नाही गं अजून.” मग दोन गाण्यांनंतर खाली फुटक्या सायलेन्सरची आमची स्कूटर वाजायची. आई आतून, “आले का गं?” मी, “आले, आले!” आणि गेलं ते गाणं कामातून.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आसपास मैत्रिणीनं सगळ्या कॅसेट आपल्या घरी नेऊन एकटीनं ऐकल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, “यार, एक बात बता. ये आलेका कौन है?”

“कोण?”

“आलेका. हर गाने में है. अलग-अलग बँड हैं, और सब उसी लडकी को बुला रहे हैं. कोई फॉरेन की लडकी है?”

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी सायकलवरून खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. बाल्कनीत आई बोलताना ही समोरच असायची, पण रोज कानांवर पडणाऱ्या परक्या भाषेकडे कोण लक्ष देतं? टेपवर खरखरीतून तेच ऐकलं तेव्हा तिला ते गाण्यातलं वाटलं. संध्याकाळी तिनं घरी सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या कॅसेटला नाव मिळालं. वीरजींनी डिसेंबरची कॅसेट ठरवायला घेतली तेव्हा पट्टीवर इंग्रजी अक्षरांत झोकदार लिहिलं, आलेका. आईला सांगितलं तेव्हा ती लाजून म्हणाली, “गप बसा की. काय तरी आपलं.” पण तिला आवडलं होतं.

वेगवेगळ्या कॅसेटवरची गाणी एका कॅसेटवर घ्यायची तर दुसरा टेप लागायचा. सेक्टर सतरामध्ये एका दुकानात ते करून देत. म्हणून डिसेंबरातल्या एका दुपारी वीरजी आपला टेपरेकॉर्डर, आमचा रेडिओ आणि सगळ्या कॅसेट एका पिशवीत घालून मित्राच्या स्कूटरवरून निघाले. रेडिओची काय गरज होती? तर त्याची एक तार सैल झाली होती आणि जाता जाता ती डाग देऊन आणू, असं मीच म्हटलं होतं. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, अशा पाट्या तेव्हा गावभर होत्या. पण आपल्याच घरातला रेडिओ, रोज पुसून ठेवलेला, तो कुणाला बाँब वाटेल हे कुणाच्या मनात येणार?

संध्याकाळ झाली. बाबा आले नव्हते. वीरजीही आले नव्हते. आई आमच्या बाल्कनीत, बीजी त्यांच्या. त्या वयाच्या, पगडी बांधणाऱ्या मुलाला तेव्हा दोन्हीकडून भीती होती. बंदूकवाले त्याला आपल्यात ओढायला बघायचे आणि पोलीस तो आधीच त्यांच्यात आहे असं धरून चालायचे. हे बीजींनी आईला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांचे हात मात्र त्या दिवशी दाण्यांच्या टरफलांत नुसतेच फिरत होते. तेवढ्यात कोपऱ्यावरचा किराणावाला धापा टाकत वर आला. नाक्यावर मुलाला थांबवलंय, चौकीत नेलंय.

बीजी पायांत चप्पलही न घालता निघाल्या. आईनं गॅस बंद केला, शाल घेतली आणि मला म्हणाली, “चल.” बाबा आले तर सांगायला मैत्रिणीला घरी ठेवलं. सांगलीत पोस्टात जायचं तरी बाबांना पुढे घालणारी माझी आई त्या दिवशी रिक्षावाल्याला म्हणाली, “भैया, जल्दी, चौकी.”

चौकीत वीरजी बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मारलं नव्हतं कुणी, पण तोंडचं पाणी पळालेलं. टेबलावर आमचा रेडिओ पाठ उघडून ठेवला होता. शेजारी टेप चालू होता आणि त्यातून ‘टपटप’ वाजत होतं. मफलर गुंडाळलेले एक वयस्क ठाणेदार कान देऊन ऐकत होते. टप, टप, टप, आणि मग खरखरीतून बाईचा आवाज, कुठल्याच ओळखीच्या भाषेत नाही: आले का गं? मग मुलीचा दबका आवाज: नाही गं अजून. पुन्हा टप, टप, टप.

“मैं लडके से बस यही पूछ रहा हूँ,” ठाणेदार म्हणाले, “कि ये आलेका कौन है. ऊपर नाम भी लिखा है. और ये कहता है, जी, आलेका कोई नहीं है.”

वीरजींनी माझ्याकडे बघितलं. त्या स्थितीतही मला हसू येतंय की रडू हे कळेना.

आई पुढे झाली. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं. “साहेब, वो आवाज मेरा है. आलेका कोई नहीं, मतलब मैं ही समझो. ये इनकी राह देखते मैं पूछती, आले का, आले का. रोज पूछती. ये बच्चे लोग उसके ऊपरच गाना उतारते.”

“अच्छा? तो बोलके दिखाइए.”

आईनं पदर सारखा केला. घसा खाकरला. “आले का गं,” ती म्हणाली. शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं. ठाणेदारांनी टेप मागे घेऊन लावला आणि मान हलवली. आवाज जुळत नव्हता. आईनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. आणखीनच वाईट. बीजी हात जोडून उभ्या होत्या. आई घामाघूम झाली होती, आणि मला तिची इतकी दया आली की वाटलं, हिला सोडा, मला विचारा. कुणाची वाट न बघता ते वाक्य तिला म्हणताच येत नव्हतं, आणि हे ठाणेदारांना कुठल्या भाषेत समजावणार?

बाहेर अंधारून आलं होतं. ठाणेदारांनी वही पुढे ओढली, टोपण काढलं. आणि तेवढ्यात रस्त्यावर फुटक्या सायलेन्सरचा आवाज झाला. बाबा घरी पोचले होते, मैत्रिणीनं सांगितलं होतं आणि ते तसेच इकडे आले होते. आई चौकी विसरली, ठाणेदार विसरली. दाराकडे मान वळवून, आवाजातली सगळी संध्याकाळ एकदम मोकळी करून तिनं मला विचारलं, “आले का गं?”

“आले, आले!” माझ्याही तोंडून आपोआप गेलं.

ठाणेदारांनी टेप पुन्हा मागे घेतला, आईचं तेच वाक्य पुन्हा ऐकलं आणि बटण बंद केलं. बाबा दारात येऊन उभे राहिले तेव्हा ठाणेदार उठून म्हणाले, “आइए जी. आपका रोज इंतजार होता है, हमारे पास रिकॉर्ड में है.” मग वीरजींकडे वळून म्हणाले, “जा, पुत्त. माँ को घर ले जा.”

नंतर आम्ही ती गोष्ट शंभरदा सांगून हसलो. बीजीही हसायच्या. त्या रोज संध्याकाळी जाळीतून आईला विचारायला लागल्या, “भैणजी, आले का?” आणि बाबा आले की दोघी खूश. एकदा त्यांनी वीरजींसाठीही तेच विचारलं तेव्हा आईनं दुरुस्त केलं, “मुलाला ‘आले’ म्हणायचं नाही. ‘आले’ म्हणजे मोठ्यांना. मुलगा असला तर, आला का?”

“आला?” बीजींना गंमत वाटली. “साडे पिंड विच तां आला कंध विच हुंदा ऐ. दीवा रखण नूं.” भिंतीतला, दिवा ठेवायचा कोनाडा. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. पण त्या वाक्याचा त्यांना फार उपयोग झाला नाही. उन्हाळ्याच्या आधीच त्यांनी मुलाला इंग्लंडला मामाकडे पाठवून दिलं. मुलगा दूर असलेला चालेल, पण रोज संध्याकाळी असा जीव मुठीत धरून बसणं आता होणार नाही, असं त्या आईला म्हणाल्या. विमानतळावरून परत आल्यावर त्या बाजेवर बसल्या आणि बाबांची स्कूटर वाजली तरी जाळीशी आल्या नाहीत.

आमची बदली पुण्याला झाली. कॅसेटचा नेम मात्र आम्ही दोघींनी सोडला नाही. दर वर्षाच्या शेवटी तिची कॅसेट मला, माझी तिला. वीरजी तिकडून तिला अस्सल कॅसेट पाठवायचे, त्यामुळे तिची गाणी आता वायरनं उतरवलेली, लख्ख असायची. बँडची नावंही कळायची. आणि मला खरं सांगायचं तर त्यात काही राम वाटायचा नाही. जुकामवालीची सर्दीसुद्धा बरी झाली होती.

पंजाबातली परिस्थिती निवळत चालल्याचं पेपरात यायला लागलं, त्या सुमारास एका जानेवारीत तिची कॅसेट आली. पट्टीवर खूप वर्षांनी तेच नाव होतं, आलेका. मी ती जेवणाच्या टेबलावर लावली. आई शेजारी मेथी निवडत होती. सुरुवातीलाच खरखर. जुनीच, उघड्या बाल्कनीतली. मागे कुठेतरी सायकलची घंटी, कुणी तरी भांडं आपटलं. मला कळेना, वायर असताना ही पुन्हा रेडिओसमोर का बसली? एक गाणं संपलं. दुसऱ्यात एक मुलगा एकाच सुरावर काहीतरी पुटपुटत होता, खाली यंत्राचा संथ ठेका. चांगलं गाणं होतं. आणि त्याच्या मधोमध आतल्या खोलीतून एक म्हातारा, पंजाबी वळणाचा आवाज आला.

“आला का?”

आईचे हात थांबले.

टेपमध्ये मैत्रीण ओरडली, “आला, आला!” मग जिन्यावर पावलं. दार. आणि एकदम जवळून, वर्षानुवर्षं न ऐकलेला, जरा जाड झालेला आवाज, वैतागलेला: “ओ बीजी! रिकॉर्डिंग चल रही है!”

गाणं पुढे चालूच होतं. मी आईकडे बघितलं. ती मेथीच्या जुडीवर हात ठेवून रडत होती, अगदी उघड, पदरही न लावता. “आला गं बाई,” ती म्हणाली. “बाळ आला त्यांचा.” मग डोळे पुसून तिनं टेपकडे बोट केलं. इतक्या वर्षांत तिनं आमचं एकही गाणं मागून ऐकलं नव्हतं.

“मागं घे,” ती म्हणाली. “परत लाव ती गिरणी.”